मोतीचा दाखला

जठारपेठेतील एक घर. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी घरे आज अकोल्यात, अमरावतीत, कारंज्यात, वाशीमला, जिथे जिथे व्यापारी वस्ती आहे तिथे सापडतील. खाली एकेकाळी धान्याचे दुकान होते, ते आता भाड्याने दिले आहे. मुलगा शिकून बेंगळुरूला स्थिरावला. वरच्या मजल्यावर आता दोघेच राहतात, आजी आणि मोती.

मोती हा गावठी कुत्रा. आजोबांना तो भर पावसाळ्यात दालमिलच्या फाटकापाशी कुडकुडताना दिसला आणि ते त्याला छत्रीखाली घेऊन घरी आले. जुन्या श्रावकाच्या घरात कुत्रा पाळण्याविषयी संकोच असतो. त्याला मांसाहारापासून दूर कसे ठेवायचे, चौक्याची शुद्धता कशी राखायची, हे प्रश्न खरेच आहेत. या घरातही चार दिवस कुरबुर झाली. शेवटी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही, या अटीवर पिल्लू राहिले. दूध-पोळी आणि वरण-भात खाऊन ते वाढले. घरात रात्रिभोजनाचा त्याग असल्याने मोतीचा वाडगाही सूर्यास्तापूर्वीच भरला जातो.

दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले. त्यानंतर कित्येक महिने आजी कोणाशी फारशा बोलत नव्हत्या. सकाळी अंथरुणातून उठण्याला एकच कारण उरले होते, मोतीला बाहेर न्यायचे. तो मंदिराच्या फाटकापर्यंत सोबत जाई, बाहेर बसून राही आणि दर्शन आटोपले की त्यांच्याबरोबर परत येई. औषधाने जे साधले नसते ते या मुक्या जिवाने साधले, असे घरातील सर्वांचे मत आहे.

आता मुलाने आईला बेंगळुरूला नेण्याचे ठरवले. अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून नियमित प्रवासी सेवा नाही. तेव्हा अडीचशे किलोमीटरवरच्या नागपूरला जाऊन तेथून विमान धरायचे. तिकिटांची चौकशी झाली आणि अडचण आली ती मोतीची. त्याचे वजन १६ किलो. एवढा कुत्रा प्रवाशांच्या केबिनमध्ये घेत नाहीत. सुट्टीला आलेल्या नातीने तोडगा सुचवला.

“आजी, इंटरनेटवर एक दाखला मिळतो. हा कुत्रा मालकाला भावनिक आधार देतो, असं त्यावर लिहिलेलं असतं. पैसे भरले की कागद घरी येतो, सोबत कुत्र्याला घालायचं जाकीटसुद्धा.”

“मग खोटं काय त्यात?” आजी म्हणाल्या. “आधार तर तो देतोच. वाच बरं, काय काय लिहितात ते.”

नातीने मोबाइलवरचा नमुना वाचून दाखवला. मानसोपचार तज्ज्ञाने अर्जदाराची तपासणी केली आहे, तिच्या उपचारासाठी हा प्राणी आवश्यक आहे, असा त्याचा आशय होता.

“मला कोणत्या डॉक्टरांनी तपासलं?” आजींनी विचारले.

नात काही बोलली नाही. मोतीचा आधार खरा होता, पण त्या आधाराचा दाखला खोटा ठरणार होता. विमानात अशा प्राण्यांना प्रवेश असावा की नाही, या आज जगभर चाललेल्या वादाचे मूळ नेमके येथेच आहे.

तीन निरनिराळ्या गोष्टी

या वादात तीन गोष्टींची गल्लत होते. पहिला, साधा पाळीव प्राणी; त्याला मालकाने हौसेने किंवा मायेने सांभाळलेले असते. दुसरा, सेवाश्वान, अंध व्यक्तीला रस्ता दाखवणे, अपस्माराचा झटका आल्यास मदत मिळवून देणे अशा निश्चित कामाचे दीर्घ प्रशिक्षण त्याला दिलेले असते. मानसिक व्याधीने ग्रस्त व्यक्तीला ठरावीक प्रसंगी ठरावीक मदत करायला शिकवलेला श्वानही याच वर्गात मोडतो. तिसरा, भावनिक आधाराचा प्राणी; त्याला कोणतेही विशेष प्रशिक्षण नसते. त्याच्या नुसत्या सोबतीने माणसाचे मन स्थिर राहते, एवढेच त्याचे कार्य.

हे कार्य क्षुल्लक नव्हे. कुत्र्याला थोपटल्याने मनावरचा ताण हलका होतो, हे संशोधनातही दिसून आले आहे आणि जठारपेठेतील त्या घराला तर संशोधनाची गरजच नव्हती. जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, ही जैन दर्शनाची शिकवण मोतीने नकळत आचरली, असे म्हणता येईल. प्रश्न आधाराच्या खरेपणाचा नाही. विमानासारख्या बंद आणि सार्वजनिक जागेत त्या आधाराला विशेष हक्क द्यावा काय, आणि दिला तर तो कोणत्या पुराव्यावर, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेने घेतलेला धडा

हा हक्क देऊन पाहण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तेथे १९८६ मध्ये एअर कॅरिअर ॲक्सेस ॲक्ट हा कायदा झाला. अपंग प्रवाशांशी विमान कंपन्यांनी भेदभाव करू नये, हा त्याचा हेतू. त्याखालील नियमांत पुढे भावनिक आधाराच्या प्राण्यालाही जागा मिळाली. मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाचे पत्र दाखवले की प्राणी केबिनमध्ये, तोही विनाशुल्क. साध्या पाळीव प्राण्यासाठी मात्र कंपन्या एका फेरीला शंभर डॉलरच्या आसपास शुल्क घेत.

व्यापारी वाचकाला पुढचे सांगावे लागणार नाही. एका बाजूला शुल्क, दुसऱ्या बाजूला माफी आणि मध्ये फक्त एक कागद, अशी रचना झाली की कागदाचा बाजार भरतो. असे दाखले विकणारी संकेतस्थळे निघाली. अमेरिकी विमान कंपन्यांच्या संघटनेने दिलेल्या आकड्यांनुसार, भावनिक आधाराचे म्हणून नेलेले प्राणी २०१६ मध्ये ४,८१,००० होते, ते २०१७ मध्ये ७,५१,००० झाले. एका वर्षात दीडपटीहून अधिक वाढ! माणसांच्या मनोव्यथा एका वर्षात इतक्या वाढत नसतात. वाढला होता तो सवलतीचा मोह.

परिणाम लवकरच दिसू लागले. २०१७ च्या जूनमध्ये अटलांटाहून सॅन दिएगोला निघालेल्या विमानात अशाच एका कुत्र्याने शेजारच्या प्रवाशाच्या चेहऱ्याचे लचके तोडले. २०१८ च्या जानेवारीत एक प्रवासी नेवार्क विमानतळावर चक्क मोर घेऊन आली. त्याच्यासाठी वेगळे तिकीटही काढलेले होते. कंपनीने मोराला प्रवेश नाकारला. त्या प्रसंगाची छायाचित्रे पाहून जग हसले. मात्र त्या हसण्यात खऱ्या गरजवंतांचीही थट्टा झाली.

अखेर २ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या परिवहन खात्याने नवा नियम जाहीर केला आणि तो ११ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. आता सेवाप्राणी म्हणजे केवळ प्रशिक्षित श्वान. मानसिक व्याधीसाठी प्रशिक्षित केलेल्या श्वानाला इतर सेवाश्वानांइतकाच मान. मात्र भावनिक आधाराच्या प्राण्याला पाळीव प्राणी समजण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. सेवाश्वानाच्या प्रशिक्षणाविषयी व वर्तनाविषयी विहित नमुन्यात लेखी हमी मागता येते आणि तीत खोटी माहिती देणे हा गुन्हा ठरतो.

या निर्णयाची किंमत कोणी मोजली? ज्यांनी हौसेखातर खोटे कागद घेतले, त्यांनी फार तर पुन्हा शुल्क भरायला सुरुवात केली. ज्या एकाकी, आजारी माणसाला त्या प्राण्यावाचून खरोखरच प्रवास करवत नव्हता, त्याची सवलत मात्र कायमची गेली. पेठेतील जुना व्यवहार हुंडीवर चाले. एखाद्याने खोटी हुंडी वटवली की नुकसान एकाच पेढीचे होत नसे. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक हुंडीकडे संशयाने पाहिले जाई. बँकांतही बुडव्या कर्जदारांमुळेच सचोटीच्या कर्जदाराला चार कागद जास्त द्यावे लागतात. अमेरिकेतील विमानांत घडले ते याहून वेगळे नाही.

भारतातील स्थिती

भारतात भावनिक आधाराच्या प्राण्याला कायद्याने वेगळा दर्जा दिलेला नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आणि मानसिक आरोग्यसेवेचा २०१७ चा कायदा, या दोहोंत त्याची तरतूद नाही. दिव्यांग प्रवाशाच्या मार्गदर्शक श्वानाला केबिनमध्ये नेण्याची सोय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत आहे. इतर प्राण्यांबाबत प्रत्येक कंपनीचे धोरण निराळे. इंडिगोने सेवाश्वानाखेरीज प्राणी न नेण्याचे धोरण ठेवले आहे, आणि नागपूरहून उडणाऱ्या विमानांपैकी बरीच याच कंपनीची आहेत. एअर इंडिया पाळीव कुत्री-मांजरे नेते. अकासा एअरने १ नोव्हेंबर २०२२ पासून ही सेवा सुरू केली. तेव्हा केबिनसाठी पिशवीसह सात किलोंची मर्यादा होती. पुढे मर्यादा वाढल्या, तरी केबिनमध्ये जाणारा प्राणी पिशवीसह दहा किलोंच्या आतलाच असावा लागतो. त्याहून जड प्राणी मालाच्या कप्प्यातून जातो.

म्हणजे नातीने सुचवलेला दाखला खोटा तर होताच, शिवाय येथे निरुपयोगीही होता. नागपूरच्या विमानतळावर तो मान्य करण्याचे कोणतेही बंधन कोणत्याही कंपनीवर नाही.

वऱ्हाडाला हा प्रश्न आजवर दूरचा वाटे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि तो अंगणात आला. सत्तरएक आसनांच्या एटीआर विमानात एखादा प्राणी बिथरला तर त्याचे गुरगुरणे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते. ज्यांना मांजराच्या केसांनी दमा उसळतो, ज्यांना लहानपणी कुत्रा चावल्याची भीती अजून सोडत नाही, त्यांना आकाशात डबा बदलता येत नाही. रडणारे मूल सर्वजण सहन करतात, मग प्राणी का नको, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की मुलाचे रडणे त्रास देते, पण बिथरलेल्या प्राण्याचा दात इजा करतो. म्हणून भीती बाळगणाऱ्या सहप्रवाशाला निर्दय ठरवणे अन्यायाचे होईल. तोही एक जीवच आहे.

मुक्या जिवाची बाजू

या सर्व चर्चेत एक पक्ष गैरहजर असतो, तो म्हणजे स्वतः प्राणी. माणसाला आधार हवा म्हणून प्राण्याला विमानात न्यायचे. पण विमानात त्या प्राण्याला कोणाचा आधार?

उमास्वातींच्या, म्हणजेच दिगंबर परंपरेतील उमास्वामींच्या, तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव कापणे, पेलवणार नाही एवढे ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे. बैलगाडीच्या काळात ही यादी वाचताना डोळ्यांपुढे बैल येत असे. आज तीच यादी विमानतळावर वाचून पाहावी. आसनाखाली मावेल एवढ्याच पिशवीत कित्येक तास कोंडणे, हा बंध नव्हे काय? उड्डाणाआधी पोटभर खाऊ घालू नये, अशी सूचना असते. ती प्राण्याच्या भल्यासाठी असली तरी प्रवास लांबला की तिचे रूपांतर अन्नपाननिरोधात होते. आवश्यकतेपोटी काळजीपूर्वक घातलेले बंधन आणि बेफिकिरीने घातलेले बंधन यांत अंतर आहे, हे खरे. ते अंतर ओळखणे हेच श्रावकाचे कर्तव्य.

हा केवळ तत्त्वाचा प्रश्न नाही. २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात फ्रेंच बुलडॉग जातीचे पिल्लू, पिशवीसह, आसनावरील सामानाच्या कपाटात ठेवायला लावले गेले आणि तेथेच मरण पावले. ब्राझीलमध्ये २०२४ च्या एप्रिलमध्ये जोका नावाचा कुत्रा मालाच्या कप्प्यातून चुकीच्या शहरी पाठवला गेला; परत आणीपर्यंत त्याचा जीव गेला. एकाचा मृत्यू केबिनमध्ये झाला, दुसऱ्याचा मालाच्या प्रवासात. बसक्या नाकाच्या पग, बुलडॉग अशा जातींना श्वासाचा त्रास मुळातच असतो, म्हणून अनेक कंपन्या त्यांना मालाच्या कप्प्यात घेत नाहीत. प्राणी शांत राहावा म्हणून गुंगीचे औषध देणेही धोक्याचे मानले जाते. त्यातून वैशाखातले वऱ्हाड. पारा ४५ अंशांच्या घरात असताना विमानापाशी तापलेल्या जमिनीवर पिंजरा काही मिनिटे जरी थांबला, तरी आतल्या जिवाचे काय होत असेल, याचा विचार तिकीट काढणाऱ्यानेच करायला हवा.

भगवान नेमिनाथांची वरात राजीमतीच्या दारी पोहोचत असताना कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी पडला आणि त्यांनी रथ मागे वळवला. ही कथा जैन घरातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. वाद्यांच्या गजरात त्यांना तो आक्रोश ऐकू आला, हे त्या कथेत विसरू नये असे आहे. स्वतःच्या आनंदाच्या किंवा स्वतःच्या दुःखाच्या गजरात दुसऱ्याचा आवाज ऐकू येणे, ही जीवदयेची पहिली पायरी होय.

कूटलेख

अहिंसाणुव्रतापाठोपाठ सत्याणुव्रताचे अतिचार येतात. त्यांतील एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे. त्याच्या लगेच शेजारी न्यासापहार आहे, म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव बुडवणे. ज्या समाजाचा सारा उदीम वही आणि शब्द यांवर उभा राहिला, त्याला या शेजाराचा अर्थ समजावून सांगायला नको. सवलत ही देखील समाजाने गरजवंतासाठी विश्वासाने ठेवलेली एक ठेवच असते. खोट्या दाखल्यावर ती उचलणारा अंध माणसाच्या श्वानासाठी राखलेल्या विश्वासातून उचल करीत असतो. “कोणाचे काय बिघडते?” या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ आहे.

मग करावे काय?

विमानात प्राण्यांना सरसकट बंदी असावी, असा याचा अर्थ नाही. वजन, पिशवीचे माप, शुल्क आणि प्रकृतीचा दाखला हे नियम सर्वांना सारखे आणि उघड असतील, तर पाळीव प्राण्याला केबिनमध्ये जागा मिळणे योग्यच आहे. अशी सेवा देणाऱ्या कंपन्या वाढाव्यात. प्रशिक्षित सेवाश्वानाला मात्र पूर्ण हक्क असावा, त्यात कोणी खळखळ करू नये. भावनिक आधार या नावाचा तिसरा, केवळ कागदावर चालणारा मार्ग भारताने उघडू नये. ज्याच्या मनाला खरोखर आधार हवा आहे, त्याचे भले साध्या पाळीव प्राण्याच्या नियमांत सवड वाढवल्याने अधिक होईल.

प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबाने कंपनीचे ताजे नियम लेखी मिळवावेत, कारण ते बदलत असतात. पशुवैद्यकाकडून रेबीजच्या लसीची नोंद व प्रकृतीचा दाखला घ्यावा. पिशवीत किंवा पिंजऱ्यात बसण्याची सवय प्राण्याला काही आठवडे आधीपासून घरी लावावी. भर उन्हाळ्यात त्याला मालाच्या कप्प्यातून पाठवू नये. रेल्वेत पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे आरक्षित केल्यास कुत्रा सोबत नेता येतो, ही सोय अनेकांना ठाऊक नसते. आणि सर्वांत आधी स्वतःला विचारावे, की हा प्रवास प्राण्याला झेपणारा आहे काय. नसेल, तर ओळखीच्या मायाळू घरी त्याला ठेवणे हे देखील प्रेमच आहे.

जठारपेठेतील त्या घराने दाखला मागवला नाही. मालाच्या कप्प्याचा विषय निघाला तेव्हा “तो जीव आहे, पोतं नाही,” एवढेच आजी म्हणाल्या. मुलाने हिशेब मांडला. मोटारीने दोन दिवस लागणार होते, एक मुक्काम पडणार होता, खर्च विमानाइतकाच आणि दगदग मात्र दुप्पट. तरीही तेच ठरले. चातुर्मास संपल्यावर, हवेत गारवा आल्यावर, एका पहाटे मोटार वाशीम, हिंगोली, नांदेडच्या रस्त्याने हैदराबादकडे निघाली. वाटेत थोडी वाकडी वाट करून शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन झाले. मोती नेहमीप्रमाणे बाहेर बसून राहिला.

मोटारीच्या कप्प्यात मोतीच्या नावाचा एकच कागद होता. त्यावर पशुवैद्यकाची सही होती, लसीची तारीख होती, १६ किलो हे वजन होते. आजींनी तो निघण्यापूर्वी चष्मा लावून वाचला होता आणि नीट घडी घालून स्वतःच्या हाताने ठेवला होता.